फ्रीजमधलं गर्भाशय

नलिनी मॅडम गाठीला आधी पत्ता विचारायच्या. सोनोग्राफीत कुणाच्या गर्भाशयाला फायब्रॉइडची गाठ दिसली की शिकाऊ डॉक्टर घाईघाईनं तिचं माप सांगत. मॅडम चष्मा कपाळावर सरकवून म्हणत, "केवढी हाय ते मागनं सांग. ऱ्हायला कुठं हाय? आतल्या खोलीत, भिंतीत, का बाहेर कट्ट्यावर? कट्ट्यावर कोण बसलंय म्हणून घर पाडतोस काय?"

कोल्हापुरातल्या एका दवाखान्यात याच गाठींवर त्यांचं संशोधन चालू होतं. एकच गाठ निरनिराळ्या डॉक्टरांना नेमकी कुठं दिसते, हे त्यांना तपासायचं होतं. त्यासाठी त्याच त्या बायांना पुन्हा पुन्हा टेबलावर झोपवणं त्यांना पटेना. म्हणून त्या घरीच गर्भाशयं करत. गवळ्याकडून म्हशीचा चीक आणायचा, त्यात आवळे बसवून खरवस वाफवायचा आणि पोरांना त्यावर यंत्र फिरवायला लावायचं. हे सगळं मला नंतर कळलं. आकडेमोड करायला मी नुकताच लागलो होतो आणि तोवर फक्त फ्रीज कुठं आहे एवढंच शिकलो होतो.

त्या फ्रीजची एक रीत होती. डब्यावर खरं लिहिलं की डबा रिकामा व्हायचा, त्यामुळे खरं कुणी लिहीतच नसे. ताकाच्या बाटलीवर 'लघवी', पेढ्यांवर 'जुनं ड्रेसिंग'. अशात एका डब्यावर 'गर्भाशय' दिसलं. उघडलं तर पिवळसर, थरथरता खरवस. मॅडमच्या कल्पकतेला मनातल्या मनात दाद दिली आणि चमचा शोधला. कडेला एक आवळा रुतलेला होता. खरवसात आवळा घालणाऱ्या सुगरणीची कीव करत तो अलगद उपटून डब्यातच बाजूला ठेवला आणि निम्मा डबा संपवला.

तेवढ्यात आतून हाक आली, "अहो स्टॅटिस्टिक्स, फ्रीजमधलं गर्भाशय आणा."

आत गडहिंग्लजकडच्या तानूबाई सुनेला घेऊन बसल्या होत्या. सुरेखाला अजून मूल नव्हतं आणि गाठीमुळं कंबर धरलेली. गाठ पिशवीच्या बाहेरच्या अंगाला होती. कट्ट्यावरची आहे, तेवढीच काढता येईल, असं मॅडम परोपरीनं सांगत होत्या. तानूबाईंचा हेका एकच, "सगळी पिशवीच काढून टाका. मागं कटकट नको." सोनोग्राफीच्या पडद्याकडं बघून त्या म्हणाल्या, "ह्यात मला नुसता धूर दिसतोय." सुरेखा पदराचं टोक पिळत खाली बघत होती.

मी डबा पुढं केला. मॅडमनी आत पाहिलं, मग माझ्या मिशीकडं पाहिलं.

"ह्यांनी निम्मं गर्भाशय खाल्लं," त्या शांतपणे म्हणाल्या.

"कुणाचं?" तानूबाई खुर्ची मागं सरकवत म्हणाल्या.

"खरवस हाय वो, मावशी," मॅडम म्हणाल्या. मी जमिनीत शिरायला जागा शोधत होतो. मॅडमनी मात्र डबा तानूबाईंच्या मांडीवरच ठेवला. "हे बघा. हा आवळा म्हंजे गाठ. ह्या बाबानं चमच्यानं काढली. खड्डा पडलाय, पर बाकीचं जागच्या जागी हाय. ऑपरेशन एवढं सोपं नसतं, रक्त जातं, पर रीत हीच. त्याच्याफुडं ह्यानं जे खाल्लं ते कशापायी?"

"हावरटपणानं," मी म्हणालो.

सुरेखाला हसू फुटलं. तिनं ते पदरात दाबलं.

तानूबाई हसल्या नाहीत. त्या खड्ड्यात बोट फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "माझी काढली तवा हिच्याहून ल्हान व्हते मी. गाठ हाय, म्हनले. काढली. माझी गाठ कुठं व्हती वो, बाई? आत का कट्ट्यावर?"

मॅडमकडं प्रत्येक गाठीचा पत्ता असायचा.

"आता नाही सांगता येणार, मावशी," त्या म्हणाल्या.

तानूबाईंनी डबा टेबलावर ठेवला आणि बोट पदराला पुसलं. "हिची तेवढी गाठच काढा," त्या म्हणाल्या, "आन् काढायच्या आदी कुठं हाय ते तिला दावा."