झील

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आणि ज्याला सगळ्यांत आधी सांगायला हवं होतं त्या माझ्या भावाला तर नाहीच. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही — बघा, इथंसुद्धा मी सोयीचंच माणूस शोधलं.

मी पुंडलिकनगरात राहते, शाळेत शिकवते. माहेर कन्नडकडचं. माहेरी शेती आहे, एवढंच स्टाफरूममध्ये सांगत आलेय. खोटं नाही ते. पण शेती नावाला, खरा संसार मेंढरांवर, आणि धाकटा भाऊ अजून त्यांच्यामागं रानोमाळ फिरतो — हे कधी तोंडातून काढलं नाही. कुणी विचारलं होतं का? नाही. मग लपवलं कशाला? आजही नीट सांगता येत नाही.

त्याची पोरगी ऋतुजा. बाळाचं नाव आत्यानं ठेवायचं, ही रीत. भावाला आमच्या आजीचं नाव हवं होतं, सखू. मी नाक मुरडलं. पाळण्यावर वाकून तिच्या कानात ऋतुजा म्हणाले. ही एक दिवस माझ्याकडं शहरात येईल, तिथं हे नाव शोभेल, असं मनात होतं माझ्या.

ती दहावीला गेली तेव्हा भावाचं आणि माझं ठरलं, अकरावीपासून पोरगी माझ्याकडं राहणार. पण रुतू ऐकेना. "आत्या, मला तिकडं करमत नाय." म्हणून दिवाळीच्या सुट्टीत मी तिला ओढून आणली. शहरात कला महोत्सव होता — नाच, गाणी, चित्रं. म्हटलं बघेल, रमेल, राहील. एसटीत बसवताना भाऊ म्हणाला, "आक्का, तिचं मन लाव तिथं. माझ्यानं पुढं शिकवणं व्हायचं नाय." सगळं त्या सुट्टीवर होतं. मला ठाऊक होतं ते.

पहिल्या दिवशी तिनं तोंड फुगवलं ते फुगवलंच. चित्रांसमोर जांभया, सतार ऐकताना चक्क झोप. मी भयंकर चिडले. गाढवापुढं वाचली गीता, असंही म्हणाले. तिनं फक्त विचारलं, "घरी कधी जायचं?"

दुसऱ्या संध्याकाळी लोककलेचा कार्यक्रम होता. खांद्यावर घोंगडी, गळ्यात ढोल अशी माणसं स्टेजवर आली आणि ओव्या सुरू झाल्या. आमच्या ओव्या. आमच्याकडं गाणाऱ्यानं ओळ सोडली की ऐकणाऱ्यांनी ती मागून उचलायची असते. झील धरायची असते. गप्प बसणं म्हणजे गाणाऱ्याचा अपमान. इथं नुसत्या टाळ्या वाजवतात, हे रुतूला काय माहीत? ती उभी राहिली, एक हात कानावर ठेवला आणि झील धरली. काय आवाज लागला होता तिचा! स्टेजवरच्या म्हाताऱ्यानं हात वर केला आणि पुढची ओळ तिच्याकडं बघूनच सोडली. ती हसत होती. आल्यापासून पहिल्यांदा. माझ्याही ओठांवर ती ओळ आली होती — हेही कबूल करते. मी ती गिळली.

कारण लोकांनी माना वळवल्या होत्या, आणि पुढच्याच रांगेत आमच्या शाळेच्या मोठ्या बाई बसल्या होत्या. त्यांनी हसून विचारलं, "अगंबाई, ही कोण? तुमच्या घरची का?"

कौतुकानं विचारलं हो त्यांनी. भाची, एवढंच म्हणायचं होतं.

मी म्हणाले, "नाही हो. कामाला आणलीय गावाकडून."

ढोल चालू होता, तरी तिला ऐकू गेलं. ती खाली बसली. मोठ्या बाईंनी तिला नाव विचारलं. तिनं माझ्याकडं एकदा बघितलं आणि म्हणाली, "सखू."

घरी आल्यावर तिनं न सांगता भांडी घासली. सकाळी फरशी पुसली. जेवायला स्वयंपाकघरात खाली बसली, आमचं सगळ्यांचं झाल्यावर. नवरा म्हणाला, गुणाची पोर आहे. मी "राहू दे गं" म्हणत राहिले. माफी मागितली का? नाही. पोर आहे, विसरेल, असं म्हटलं मनाशी. ती गावी जाईपर्यंत माझ्या घरात कामवाली होऊन राहिली, आणि मी राहू दिलं.

गावी जाऊन तिनं सांगितलं, दहावीनंतर शिकायचं नाय. का, ते सांगितलं नाही. भावानं तिला मारलं. मग मला फोन केला, "आक्का, काय झालं तिथं?" तेव्हा तरी तोंड उघडायचं की नाही? मी म्हणाले, "काय होणार? पोरीलाच गोडी नाही." हे मी पूर्ण विचार करून म्हणाले.

अठरावं संपताच तिचं लग्न झालं. भाऊ अजून पाहुण्यांत सांगतो, "आक्कानं लई जीव लावला, पोरगीच करंटी निघाली." मी शेजारी बसून चहा पीत असते.

मागच्या महिन्यात कन्नडच्या बाजारात ती दिसली. कडेवर पोर, सोबत सासू. मला बघून सरळ आली, वाकून पाया पडली. सासूनं विचारलं, "कोन गं ह्या?"

"माझी सख्खी आत्या."

"शिकवायला घेऊन गेली होती ती? अन् तू पळून आलीस म्हनं?"

"व्हय," ती म्हणाली. "माझंच मन लागलं नाय."

माझ्याकडं तिनं बघितलंसुद्धा नाही. भर बाजारात, सासूसमोर, तिनं माझी अब्रू राखली. मी एक शब्द बोलायचा होता. समोर जीप भरत होती. मी जागा धरली आणि बसले.