खांद्यावरचा चीक

डोक्यावर नाही, नेमकं खांद्यावरच पाणी ओतलं त्यांनी. मधल्या सुट्टीत. नळापाशी वर्गातल्या दोघींनी माझे हात धरले, तिसरीनं तांब्या रिकामा केला. पांढऱ्या ब्लाउजवरून खडूचं पाणी ओघळलं आणि खालचे काळे डाग उघडे पडले.

"खडूराणी! खडूराणी!"

डाग केळीच्या चिकाचे. हा चीक लागताना पाण्यासारखा असतो, वाळला की काळा पडतो. मग साबण घासा, सोडा घासा, कापड फाटेल पण डाग जायचा नाही. चोपड्याकडचं आमचं गाव. माय माझ्या वर्गातल्या कल्पनाच्या वडिलांच्या बागेत मजुरीला. कापणी असली की शाळेआधी मीही केळीचे घड खांद्यावरून गाडीपर्यंत न्यायची. ब्लाउज एकच. तोच बागेत, तोच वर्गात.

आणि हीच कल्पना माझी मैत्रीण. जिवाभावाची. मी गोष्ट रचायची, ती चौकोन आखून चित्रं काढायची. व्हरांड्यातल्या भित्तिपत्रकावर आमची चित्रकथा लागायची. शाळेत आलेल्या वाघाची गोष्ट चालू होती तेव्हा. पोरं डबे सोडून बघायला यायची. डागांवर खडू घासायची युक्तीही तिचीच. बाईंच्या टेबलाखालचे तुकडे वेचून माझ्या मुठीत द्यायची. "कोणाला नाही सांगणार, गळ्याची शपथ," म्हणायची. मी विश्वास ठेवला. का नाही ठेवणार?

पाणी ओतलं त्या सकाळी भित्तिपत्रकावर वाघ नव्हता. एक मुलगी होती. टेबलाखाली रांगत खडू वेचणारी. मग खांद्यावर घासणारी. मग मिरवणारी. शेवटच्या चौकोनात तिच्या अंगावर पाणी, आणि सगळं उघडं. वेण्या माझ्या, नाक माझं. ती रेघ कोणाची, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. खाली बाईंचा लाल शेरा होता, 'छान.'

पोरींनी शेवटचा चौकोन खरा करून दाखवला, एवढंच. कल्पना तिथेच उभी होती. हसत नव्हती. थांबवतही नव्हती. बाई आल्या. म्हणाल्या, "धुतलेले कपडे घालून येता येत नाही का गं?" मलाच म्हणाल्या.

घरी ऊर फुटेस्तोवर रडले. मायनं ब्लाउज पिळून दोरीवर टाकला.

"कसाले रडस? केळीना चीक शे तो. चोरीना नही."

मी डागासाठी रडतच नव्हते. माझं माणूस गेलं होतं. ते मायला कसं सांगायचं, कळेना.

दुसऱ्या दिवशी कल्पनानं मला वाटेत गाठलं. डोळे सुजलेले. मूठ उघडली, आत खडू.

"मजुरनीनी पोरसंगे बसस म्हनीसन बठ्ठ्या माले चिडावतंस. राग नको धरू ना व. ले, लाव."

मजुरणीच्या पोरीजवळ बसते म्हणून सगळ्या तिला चिडवायच्या, त्यातून सुटायला तिनं ते चित्र काढलं होतं.

माझा हात पुढे जाणारच होता. इतकी हवी होती मला ती. पण तिच्या खांद्याकडे नजर गेली. पांढराशुभ्र. बाग तिची आणि चीक मात्र माझ्या अंगावर.

"हाऊ चीक तुमनाच बागना शे," मी म्हटलं. "मी कसाले झाकू?"

तिची मूठ तशीच उघडी राहिली. मी पुढे निघाले. मागे वळले असते तर परत गेले असते, म्हणून वळले नाही.

त्याही दिवशी सकाळी घड वाहिले होते. जुन्या डागांवर नवा चीक. तशीच जाऊन पहिल्या बाकावर बसले. बाईंनी पाहिलं. "आजही तसेच कपडे?"

मी उभी राहिले.

"रोज तसेच असतील, बाई. कापणी चालू आहे."

वर्गात कोणी हसलं नाही. वाघाची गोष्ट अर्धीच राहिली, मी ती कोणालाच पुढे सांगितली नाही. कल्पनानं मान खाली घातली होती. मी घातली नाही. आणि आता कोणापुढेही घालणार नाही.