चाळिसावं पोतं

कुरुंद्यात दूध घालणारा साजीद हा सबीहाचा चुलत दीर. तरी रोज सकाळी ती त्याच्या देखत दुधाचा थेंब नखावर घ्यायची, ओघळतो कसा ते बघायची आणि मगच पातेलं पुढं करायची. "भाबी, म्हैस तुमच्या ओळखीची हाय," असं साजीद एकदा वैतागून म्हणाला. म्हशीवर आपला पूर्ण भरवसा आहे, असं तिनं सांगितलं. गावात हे बोलणं बरेच दिवस फिरलं.

तिला असं हळदीनं केलं होतं. लग्न होऊन हिंगोलीहून आली तेव्हा ती विशीतली होती. गावाबाहेर वसमतच्या रस्त्याला सासऱ्यांची हळद पॉलिश करायची शेड होती, शेजारी दळायची चक्की. नवरा फारुक बोलका, दिलदार, कोणाच्याही शब्दावर मान डोलावणारा. अशा घरात एक तरी संशयी माणूस लागतं, आणि ते काम आपसूक सबीहाकडं आलं. ती पूड पाण्याच्या ग्लासात टाकून बघायची, पांढऱ्या रुमालावर चोळायची, आणि पोतं कधीच तोंडाकडून उघडायची नाही. तोंडाशी सगळेच चांगलं ठेवतात, बुडाशी काय आहे ते बघावं, हा तिचा कायदा.

शेडमधून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक पोत्यावर तिचा मार्का असे. पत्र्यात कोरलेली कमान आणि कमानीखाली 'सबीहा, कुरुंदा'. निळ्या रंगाचा बोळा फिरवला की तागावर उमटायचा. एका साली बाजारातल्या कोणीतरी तिची रिकामी पोती गोळा केली, त्यात किडकी हळद भरली आणि तिच्या नावावर विकली. कोणी ते शेवटपर्यंत कळलं नाही. पण पुढचे दोन हंगाम लोक तिचा मार्का दिसला की पोत्याला हातसुद्धा लावेनात. तेव्हापासून नियम झाला: रिकामं पोतं परत आल्याशिवाय पुढचा माल नाही. आलेली पोती ती शेडमागं स्वतः जाळायची. बारदाना फुकट चालला म्हणून फारुक हळहळायचा, ती राख होईपर्यंत हलायची नाही.

मागच्या आषाढात तिच्या बहिणीचा मुलगा मुबश्शीर याचा फोन आला. तो डॉक्टरकी शिकायला जॉर्जियात होता. रशियाच्या बुडाशी, काळ्या समुद्राकाठी चिमूटभर देश. त्याला झेंडूच्या वाळलेल्या पाकळ्या हव्या होत्या, चाळीस पोती. तो राहायचा त्या घराची मालकीण मसाल्यांचा धंदा करत होती, तिला पाहिजे होत्या.

कुरुंद्यात हळद सोडून दुसरा पिवळा माल मागणारा माणूस एकाच कामासाठी मागतो. सबीहानं भाच्याला सरळ विचारलं, की हळदीत मिसळणार का. पोरगं शपथेवर आलं. तिथले लोक हे फूल खातात, वाळवून कुटतात आणि अक्रोडाच्या वाटणात घालतात, असं त्यानं सांगितलं. झेंडू खाणारं माणूस सबीहानं पाहिलं नव्हतं. शेडमध्ये कामाला येणाऱ्या राधिकाच्या घरी वीस शेळ्या होत्या, तिला विचारलं. शेळ्या बी नाइलाजानंच खातात, ती म्हणाली.

तरी सबीहानं हो म्हटलं. दसरा-दिवाळी सरली की झेंडू बांधावर फेकून द्यावा लागतो, हे दरसालचं बघणं होतं. राधिका आणि आणखी सहा बायांनी तिच्या शब्दावर झेंडू लावला. तिनं एकच अट घातली: घेणाऱ्या बाईनं स्वतः येऊन माल बघावा. फोनवरच्या शब्दाला ती मानत नव्हती.

दिवाळीनंतर शेड पाकळ्यांनी भरली. हळद यायला अवकाश होता. सावलीत पसरलेल्या पाकळ्या बाया दिवसातून तीनदा हातानं परतायच्या. माल तयार झाला आणि मुबश्शीरचा निरोप आला, की मालकीण निघाली आहे. आणि पोती कोरी पाहिजेत. मार्का नको.

सबीहाच्या मनात जे दबून बसलं होतं ते पुन्हा उठून बसलं. ज्याचं काम सरळ आहे त्याला नावाची अडचण कशाला? फारुकला यात काहीच खटकलं नाही. "नाम नै तो बदनामी बी नै," असं म्हणून तो नमाजाला गेला. बोलणं खोटं नव्हतं. उद्या तिकडं काही भानगड झाली तर सबीहाचं नाव कुठंच येणार नव्हतं. पण आजवर दुसऱ्याचा माल आपल्या नावावर जाऊ नये म्हणून ती राखेपर्यंत उभी राहत आली होती. आता आपलाच माल बिननावाचा जाणार, आणि कोणाच्या नावावर विकला जाणार ते कळणारही नाही. नाही म्हणावं, तर सात बायांनी तिच्या तोंडाकडं बघून रान अडकवलं होतं.

"भाबी, फूल जाणार का न्हाई ते एकदा सांगा," राधिका म्हणाली. "न्हाई तर शेळ्यायला टाकते."

"टाकू नको. आधी ती बाई येऊ दे."

नीनो नावाची ती बाई नांदेडहून जीपनं आली, मुबश्शीर सोबत. साठीची, जाडजूड, काळा झगा, डोक्याला रुमाल बांधलेला. सबीहाला वाटलं होतं कोणी लिपस्टिकवाली असेल. ही तर सासूसारखी दिसत होती. चहा दिला तर तिनं आधी कप नाकाशी नेला, घोट तोंडात फिरवला आणि काहीतरी बोलली. पत्ती जुनी आहे, असं मुबश्शीरनं खाली मान घालून सांगितलं. डबा बकरी ईदच्या वेळचा होता. सबीहाला राग आला तो यासाठी, की हे फारुकला कधी कळलं नव्हतं.

शेडमध्ये गेल्यावर नीनोनं पाण्याचा ग्लास मागितला. चार पाकळ्या टाकून पाण्याकडं बघत राहिली. पिशवीतून पांढरा रुमाल काढून त्यावर पाकळी चोळली. मग शेवटच्या पोत्याकडं बोट करून ते बुडाकडून उसवायला सांगितलं.

सबीहा कमरेवर हात ठेवून उभी होती. तीस वर्षं ती लोकांच्या मालाशी जे करत आली होती, तेच आज कोणीतरी तिच्या मालाशी करत होतं. राधिका पदराआड हसली. सबीहानं तिच्याकडं बघितलं तशी पाकळ्या परतायला लागली.

"मार्का काहून नको, विचार तिला," सबीहा भाच्याला म्हणाली.

नीनो बराच वेळ बोलली. लोकांना गावाकडचंच फूल लागतं, एवढंच मुबश्शीरनं सांगितलं.

"तिचं बोलणं हातभर आणि तुझं बोटभर कसं? सगळं सांग."

मग सगळं निघालं. तिकडं पूर्वी सगळं सरकारचं होतं, शेत, दुकान, कारखाना. नीनो सरकारी चहाच्या कारखान्यात चव बघायच्या कामावर होती. एका हिवाळ्यात सरकारच गेलं. कारखान्याची यंत्रं भंगारात गेली, आणि ज्याच्या घरात जे होतं ते तो रस्त्यावर घेऊन बसला. तिनं त्या वर्षी मिरचीची पूड घेतली, तर अर्धी विटेची भुकटी. तेव्हापासून ती सगळं पाण्यात टाकून बघते. सबीहाला सासऱ्यांची आठवण आली. निजामाचं राज्य गेलं त्या सालातल्या गोष्टी तेही अशाच सांगायचे, काल चालणारं आज चालेना झालं म्हणून. पुढं नीनोच्या गावातल्या बाया पोरं मागं ठेवून इटलीला गेल्या, तिथल्या म्हाताऱ्यांची सेवा करायला. फूल खायला लोक राहिले, फूल लावायला कोणी राहिलं नाही.

"म्हणून आमचं नेणार. आणि कुठलं म्हणून सांगणार?"

"गावाकडचं, म्हणते."

"कोणाच्या गावाकडचं?"

हे मुबश्शीरनं पुढं सांगितलंच नाही. पण नीनोला कळलं असावं. तिनं शेडभर नजर फिरवली, ओळीत बसलेल्या बायांवर थांबली आणि दोन-तीन शब्द बोलली.

"काय म्हणाली?"

"म्हणाली, कोणी विचारत नाही."

खोटं बोलली असती तर बरं झालं असतं, असं सबीहाला वाटलं. खोटं बोलणाऱ्याला नाही म्हणणं सोपं असतं. तिचा संशय खरा होता आणि खोटाही. हळदीत कोणी काही मिसळणार नव्हतं. फक्त कुरुंद्याचं फूल जॉर्जियाचं होणार होतं.

दुपारी नीनो झोपली तेव्हा सबीहानं राधिकाला पत्र्याचा साचा आणायला लावला. नव्या चाळीस पोत्यांवर मार्का मारला, उन्हात वाळवला. मग एकेक पोतं बाहीसारखं उलटं केलं. आत प्लास्टिकची पिशवी, पिशवीत पाकळ्या. बाहेरून पोतं कोरं करकरीत.

सकाळी नीनोनं त्यातलं एक बुडाकडून उसवलं. पिशवी आणि ताग यांच्यामधून हात फिरवला. हात बाहेर आला तेव्हा एका बोटाला निळं लागलं होतं.

"तिला सांग," सबीहा म्हणाली, "बाहेरून कोरं मागितलं, बाहेरून कोरं दिलं."

नीनोनं बोट रुमालाला पुसलं. मग बोलली.

"म्हणते, तुम्ही त्या कारखान्यात असता तर तिला नोकरी लागली नसती."

सबीहा हसली नाही. तिनं शेवटची अट सांगितली. एवढ्या लांबून रिकामी पोती परत येणं शक्य नाही. तिकडंच जाळायची, चाळीसच्या चाळीस, आणि जाळताना व्हिडिओ काढून पाठवायचा. नीनोनं मान हलवली. तिच्या देशात मान तशी हलवली म्हणजे हो का नाही, हेही सबीहानं भाच्याला दोनदा विचारून घेतलं.

हळदीच्या ऐन हंगामात, शेडमध्ये पॉलिशचा ड्रम गरगरत असताना, व्हिडिओ आला. बर्फानं भरलेलं अंगण, लोखंडी पिंप, पिंपात जाळ. नीनो एकेक पोतं उलटून मार्का दाखवायची आणि आत टाकायची. सबीहा मोजत गेली. एकोणचाळीस. परत लावला. एकोणचाळीस. राधिकाला बसवलं, ती पिवळ्या बोटांच्या पेरांवर मोजत राहिली.

"एक कमी हाय, भाबी."

फोन केला. नीनो चाळीस म्हणत होती. मुबश्शीर मध्ये घुटमळला. एखादं पोतं बसायला घेतलं असेल, कुत्र्याखाली टाकलं असेल, असं काहीबाही बोलला. चाळिसावं पोतं कुठं असेल याच्या शंभर जागा सबीहाला दिसल्या, आणि त्यातल्या नव्वद जागी ते पुन्हा भरलेलं होतं. फारुक म्हणाला, एवढ्या लांब तुझं नाव वाचणार कोण? कोणी वाचत नाही म्हणूनच कोणीही वापरील, ती म्हणाली आणि दोन दिवस तोच व्हिडिओ लावून मोजत राहिली.

तिसऱ्या दिवशी नीनोची नवी मागणी आली. साठ पोती. बाया शेडच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

सबीहा साचा घेऊन वसमतला पत्र्याच्या कारागिराकडं गेली. नव्या पत्र्यात तीच कमान, तेच नाव कोरून घेतलं, आणि एका जागी हळदीचं बारीकसं पान. माहीत असल्याशिवाय दिसू नये एवढं. जुना साचा घरी येऊन कात्रीनं मधोमध कापला. चाळिसावं पोतं आता कुठूनही, काहीही भरून आलं तरी ते तिचं नव्हतं.

"या साली अर्धा नको, एक एकर लाव," ती राधिकाला म्हणाली. मग मुबश्शीरला फोन लावला. मार्का बदललाय एवढंच तुझ्या बाईला सांग, असं म्हणून ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला.

"खाला, ती विचारते, काय बदललंय? कुठं?"

"उघडून बघ म्हणावं," सबीहा म्हणाली. "बुडाकडून."