माडाच्या आळ्यातला गुलाब

पहिलं झाड मेलं तेव्हा बायजी अख्ख्या पाड्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "झाडालापण कळतं गो, कुणाच्या दारात फुलायचं नि कुणाच्या नाय."

बायजी म्हणजे वेणूची थोरली नणंद. डहाणूच्या खाडीकाठी दोघींची घरं भिंतीला भिंत लागून. बायजीचा नवरा ती तरणीताठी असतानाच गेला. तेव्हापासून तिने केसांत फुलाची पाकळी खोवली नाही, आणि दुसऱ्या कुणा विधवेने खोवू नये ही राखणही आपल्याच अंगावर घेतली. कुणी नेमलं नव्हतं. असल्या कामाला कुणाला नेमावं लागत नाही, माणसं आपणहून उभी राहतात.

वेणू ओट्यावर बोंबील साफ करत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "दुसरं लावीन."

या गुलाबाचं भांडण सुरू झालं ते मनगटावरून. वेणूचा नवरा रामू होता तोवर तो कोसबाडच्या एका वाडीवाल्याकडे मासळी पोचवायचा आणि येताना तिथला एक देशी गुलाब तोडून आणायचा. मासळीच्या टोपलीतून आलेलं फूल ते! अर्धा वास गुलाबाचा, अर्धा सुरमईचा. वेणू ते अंबाड्यात खोचून बाजारात बसायची आणि गिऱ्हाईक घासाघीस करायला लागलं की मान अशी काही वळवायची की फूलही बघ आणि भावही ऐक.

रामू होडीवरच छातीत कळ येऊन गेला. तेराव्याला बायका जमल्या. बांगड्या उतरवल्या, कुंकू पुसलं. तेव्हा वेणूच्यात वेणूच उरली नव्हती. मग पुढल्या वर्षी तिच्या लेकीची, क्रांतीची, सोयरीक ठरली. झाई गावचा भाविक, घर दर्यावरचंच, मुलगा स्वभावाने गरीब. लग्न मार्गशीर्षात धरलं. साखरपुड्याच्या दिवशी दारात फुलवाली आली. सगळ्या बायकांनी गजरे घेतले. वेणूचा हात सवयीने टोपलीकडे गेला, आणि बायजीने वरच्या वर तिचं मनगट पकडलं.

"विसरलीस काय?"

सगळ्यांनी बघितलं. कुणी हसलं नाही, पण कुणी बायजीचा हातही सोडवला नाही. वेणूला जास्त झोंबलं ते हे.

"बांगडी नवऱ्याची, कुंकू नवऱ्याचं, बरं," ती म्हणाली. "पण फूल मी बापाच्या घरी असल्यापासून घालते. तेव्हा रामू कुठे होता? मग ते त्याच्यासंगती कसं जाईल?"

"विकत मिळतं म्हणून कोणपण घालेल," बायजी म्हणाली. "तुझ्या हाताने तुझ्या दारात फुलवून दाखव. देव देतो का बघू."

"फुलवते. आणि क्रांतीच्या हळदीला तेच डोक्यात घालून तुझ्यासमोर उभी राहते."

झालं. रागात बोललं गेलं, पण बोललं ते बोललं. वेणूचा शब्द म्हणजे खाडीत टाकलेला नांगर, टाकणारीलाच ओढून काढता येत नाही.

कोसबाडच्या रस्त्यावरच्या रोपवाटिकेतून तिने देशी गुलाबाचं रोप आणलं. हिरवंगार, टोकाला तांबूस पालवी. लावलं ते दारातल्या माडाच्या आळ्यात. किनाऱ्यावरच्या कुठल्याही बाईने तेच केलं असतं. आळं तयार, माती भुसभुशीत, आणि खाऊपिऊ घालायची रोजची सवय. इथे खारवलेली मासळी धुतली की ते धुवण माडाच्या बुंध्यात जातं. वर मूठभर जाडं मीठ टाकतात. माड त्यावर असा माजतो की नारळ उतरवायला माणूस पुरत नाही. वेणूने गुलाबालाही तेच दिलं. स्वतःच्या हाताने, प्रेमाने. जे माडाला ते गुलाबाला.

पानांच्या कडा तपकिरी पडल्या, जणू कुणी उदबत्तीने चटके दिलेत. वेणूला वाटलं, रोप उपाशी आहे. तिने आणखी एक बादली ओतली. कळी धरली होती ती काळी पडून देठावरच वाळली. शेंडे वरून खाली मरत आले. आणि बायजीने ते वाक्य अख्ख्या पाड्याला ऐकवलं.

दुसरं रोप आलं. तेच आळं, तेच धुवण. भर उन्हाळ्यात त्याच्याही कडा करपायला लागल्या.

क्रांती म्हणाली, "आई, स्टेशनाबाहेर ढिगाने गुलाब मिळतात. एक घे ना. दारातलं नाय हे कोणाला कळतंय?"

"मला कळतंय."

एवढं बोलून वेणू आत गेली. क्रांतीला तिने सांगितलं नाही ते असं, की गेले काही दिवस सकाळी त्या रोपाजवळ जाताना तिचे पाय अडखळत होते. बायजीचं वाक्य कानातून उतरून आता पोटात बसलं होतं. खरंच कळत असेल काय झाडाला? पांढऱ्या कपाळाची सावली खरंच पडत असेल? साऱ्या पाड्याशी भांडता येतं, पण स्वतःच्याच पोटातून बायजी बोलायला लागली तर तिचं मनगट कुठे पकडायचं?

बाजारात मासळीवाल्यांच्या रांगेपलीकडे रानशेतची नवशी भाजी घेऊन बसते. काकडी, शिराळी, पावसाच्या तोंडाला रानभाज्या. तिची न् वेणूची जुनी अदलाबदल. इकडून सुकट जाते, तिकडून भाजी येते. वेणूने तिच्यासमोर एक वाळकी फांदी टाकली.

"हे बघ. दुसरं पण चाललं."

नवशीने फांदी उलटीपालटी केली. "वेणूबाय, आजाऱ्याची टोपी आणून काय दाखवते? माणूस दाखव. पायाखालची माती आण."

दुसऱ्या दिवशी वेणूने पिशवीतून माती आणली. नवशीने चिमूट हातावर घेतली आणि तिच्यापुढे धरली.

"चाख."

"माती खाऊ मी? भर बाजारात?"

"माझं माहेर खाडीच्या अंगाला. उधाणाचं पाणी शेतात घुसलं की आजा असाच वाकून माती जिभेवर ठेवायचा. पेरायचं का नाय ते तिथे ठरायचं. चाख गो, मरत नाय."

वेणूने जीभ लावली आणि थू करून बाजूला थुंकली. "अगो आई! ही माती नाय, खारं हाय नुसतं!"

नवशी मांडी थोपटत हसली. "तू गुलाब नाय लावला बाय. तू बांगडा खारवला!"

शेजारच्या दोघीतिघी हसल्या. वेणूपण हसली, आणि हसता हसता पदर डोळ्याला लावून तशीच बसून राहिली. नवशीला वाटलं, फार लागलं हिला. लागलं नव्हतं, सुटलं होतं. मीठ! कपाळ नाही, सावली नाही, देव नाही, रामू नाही. मीठ. तिच्याच हाताने ओतलेलं. स्वतःची चूक सापडल्याचा एवढा आनंद कुणाला झाला नसेल.

घरी येऊन तिने भिंतीवरून हाक मारली, "बायजी, ये इकडे! तुझ्या देवाची चव घेऊन बघ!"

"माती खायचे डोहाळे लागले काय या वयात?" पलीकडून आलं.

"लागले! आणि मीठ जास्त झालंय!"

त्याच संध्याकाळी रोप उपटलं. मुळं गोड्या पाण्यात हलक्या हाताने धुतली. बर्फाच्या मासळीचा थर्माकोलचा खोका घेतला, तोही चोळून चोळून धुतला, तळाला सुरीने भोकं पाडली. तोवर नवशीने रानशेतहून जीपच्या टपावर टाकून लाल मातीचं अन् कुजलेल्या शेणखताचं पोतं पाठवलं. रोप त्यात लावून खोका ठेवला उगवतीच्या बाजूला, सकाळचं ऊन मिळेल असा. दर्याकडच्या अंगाला जुनी ताडपत्री बांधली. खारा वारा पानांवर बसतो, म्हणून नळाला पाणी आलं की आधी एक तांब्या पानांवरून. हंडे भरायला उभ्या असलेल्या बायका कुरकुरायच्या.

"माणसांना पाणी नाय नि झाडाला अंघोळ!"

"माझ्या हंड्यातलं घालते. तुझ्या नाय."

पावसात पानांवर काळे ठिपके आले. ती पानं वेणू रोज खुडायची आणि लांब नेऊन टाकायची, बुंध्यात पडू द्यायची नाही. खोक्यात पाणी साचलं की काडीने भोकं मोकळी करायची. पावसाळाभर रोप जगलं, वाढलंही, पण नुसतंच. वेड्यावाकड्या फांद्या, फूल एक नाही.

पाऊस सरला. रोपवाटिकेतला माणूस म्हणाला होता, दिवाळीआधी छाटा, तरच नवी फूट येईल. लग्न तर जवळ आलेलं. वेणूने मासळीची सुरी घेतली, थबकली, कढत पाण्याने धुऊन पुसून कोरडी केली. मीठ म्हणजे काय ते आता तिला शिकवायला नको होतं. मग बाहेरच्या अंगाला तोंड असलेला फुटीचा डोळा बघून त्याच्या जरा वर, तिरका काप. एक फांदी, दुसरी फांदी. वाळकं सगळं काढलं. उरले नुसते चार हिरवे खुंट.

भिंतीवर कोपर टेकून बायजी बघत होती. "हळद तोंडावर नि बाई झाड तोडते! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच गो!"

वेणू खाली पडलेल्या फांद्या गोळा करत म्हणाली, "कुंपणावर बसून डोळे वटारायला काय लागतं? सरडापण करतो."

पुढचे दिवस तिने कसे काढले ते तिलाच ठाऊक. रोज खुंटांवर बोट फिरवायची. एका सकाळी बोटाला टोचलं नाही, उलट काहीतरी मऊ लागलं. तांबडा कोंब. मग दुसरा. मग प्रत्येक खुंटाला. कळ्या धरल्या तेव्हा तिने पाड्यात कुणालाच बोलावून दाखवलं नाही. बघायचं त्यांनी आपल्या डोळ्यांनी बघावं.

हळदीच्या सकाळी खोक्यात चार फुलं उमलली होती. फिकट गुलाबी, पाकळ्यांनी गच्च, वास ओट्यापर्यंत. क्रांती धावत आली. "थांब, मी घालते तुझ्या केसांत."

"नको," वेणू म्हणाली. "माझ्या हाताने."

ती मांडवात आली तेव्हा गाणाऱ्या बायकांचा सूर मध्येच तुटला. हिरवं लुगडं, मोकळं कपाळ, आणि अंबाड्यात हाताच्या मुठीएवढा गुलाब. झाईचे पाहुणे येऊन बसले होते. बायजी उठली.

"वेणू, काढ ते. पोरीचं वाईट होईल."

"पोरीचं वाईट करायला तिची आईच उरली काय?"

"पाव्हणे काय म्हणतील?"

वेणू सरळ पाहुण्यांकडे वळली. भाविकची आई, पुष्पा, पुढेच बसली होती. "पुष्पाबाय, फूल माझ्या दारातलं, हात माझा, पोर माझी. पहिली हळद मी लावणार. तुमचं काय असेल ते आत्ता तोंडावर बोला. उद्या घरी नेऊन माझ्या पोरीला टोचायचं नाय."

क्रांती पाटावर बसली होती. तिने आईकडे बघितलं नाही, सासूकडे बघितलं. सगळं त्या एका बाईच्या तोंडावर येऊन थांबलं होतं. सोयरीक राहते का मोडते, पोर उठते का बसते. वेणूला ते कळत होतं. तरी तिचा हात फुलाकडे गेला नाही.

पुष्पाने हळदीच्या वाटीकडे बघितलं, मग वेणूकडे.

"हळद सुकत चालली," ती म्हणाली. "लावता, का भांडत बसता?"

मागून कुणीतरी फिसकन हसलं. वेणूने बोटं हळदीत बुडवली आणि लेकीच्या कपाळाला, गालांना, हातांना लावली. सूर पुन्हा लागला, आधी एका बाईचा, मग सगळ्यांचा.

बायजी जाता जाता म्हणाली, "सांजेपर्यंत गळून पडेल ते."

"पडू दे," वेणू म्हणाली. "दारात कळ्या हायत."

बायजी अजूनही तिच्याशी धड बोलत नाही. खाऱ्या मासळीचं धुवण मात्र आता भिंतीपासून लांब नेऊन ओतते. वेणूही त्यावर काही बोलत नाही. एवढं शहाणपण भांडखोर बाईलाही असतं.

लग्नानंतर वेणू बाजारात बसली ती फूल घालूनच. रोजची गुजराती शेठाणी थबकली. "केम बेन, आजे गुलाब?"

"आजे नाय, रोज. पापलेट घ्या, ताजं हाय."

रांगेच्या टोकाला रखमी बसते. वय फार नाही. नवरा मागल्या पावसात गेला. दुपारी गर्दी ओसरल्यावर ती हळूच वेणूजवळ येऊन बसली. इकडेतिकडे बघितलं. वेणूने अंबाड्यातलं फूल काढून तिच्यापुढे धरलं.

रखमीने मान हलवली. "फूल नको. फांदी दे."

वेणूने तिच्याकडे नीट बघितलं. मग फूल परत आपल्या केसांत खोचलं.

"देते. पण आधी तुझ्या दारातली माती आण."

"कशाला?"

"चाखायला."