दोनशे अठरा नंबरचा बिल्ला

बाबांनी दोन वर्षं हातात पक्कड धरली नव्हती. आज मी हे तक्रार म्हणून सांगत नाही. तेव्हा मात्र ती तक्रारच होती, आणि दोन्ही वेळच्या जेवणाला मी ती त्यांच्या ताटात वाढत असे.

ते इंदूरच्या एका कापड गिरणीत वायरमन होते. आजोबा महूला पलटणीत, त्यामुळे शिस्तीचा आजार घरात आधीपासूनच होता; गिरणीने तो वाढवला. तिथे प्रत्येक कामगाराला नंबर कोरलेला पितळी बिल्ला मिळायचा. बाबांचा नंबर दोनशे सतरा. वायरमन लोकांची एक रीत होती. दुरुस्तीसाठी मशीनची लाइन खोलायची, तर आधी मेन स्विच पाडायचा आणि त्याच्या दांड्याला आपला बिल्ला लटकवायचा. बिल्ला दिसतोय तोवर त्या स्विचला मॅनेजरनेही हात लावायचा नाही, कारण पलीकडे कुणाचे तरी हात तारांमध्ये आहेत. ज्याने लटकवला त्यानेच तो काढायचा. आणि आपला बिल्ला एका जागी लटकत असताना दुसरी लाइन खोलायची नाही. माणसाला बिल्ला एकच मिळतो, म्हणून एका वेळी काम एकच.

गिरणी बंद झाली त्या दिवशी बाबांनी कताई खात्याची लाइन खोललेली होती. बिल्ला लटकवून ते चहाला गेटबाहेर आले. चहा संपेपर्यंत गेटला कुलूप लागलं होतं आणि कुलपाशेजारी नोटीस. आत कुणालाच सोडलं नाही. पुढे काही महिन्यांनी ऑफिसातून पत्र आलं की बिल्ला जमा करा. बाबांनी उलट टपाली लिहिलं, बिल्ला स्विचवर आहे, मला आत सोडा, लाइन जोडतो, बिल्ला काढतो आणि जमा करतो. त्या पत्राला उत्तर आलं नाही.

झालं. त्या दिवसापासून हा माणूस कुठल्याही तारेला हात लावेना. वस्तीतले लोक कूलर घेऊन येत, पाण्याची मोटर घेऊन येत. त्यांच्याबरोबरचे वायरमन दुकानं टाकून बसले होते, कुणी केबल टीव्हीच्या तारा गच्चीगच्चीवरून ओढत होता. बाबा आपले ओट्यावर बसून सांगायचे, "भिया, माझा बिल्ला आत लटकलाय. ते काम पूर्ण होईस्तोवर दुसरं नाही घेऊ शकत मी." लोक म्हणायचे, गिरणीबरोबर याचं डोकंही बंद पडलं. मीही म्हणायची, आणि त्यांना ऐकू जाईल असं म्हणायची.

मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते आणि गाडी चालवत होते. महूच्या एका साहेबांची बदली झाली तेव्हा त्यांची जुनी छोटी मोटार मी घेतली. लग्नासाठी म्हणून जे काही घरात ठेवलेलं होतं ते सगळं तिच्यात गेलं. नातेवाईकांत जो काही गहजब व्हायचा तो झाला, मी तिकडे लक्ष दिलं नाही. सिमरोलच्या पुढे घाट उतरून एक सरकारी शाळा होती. तिथल्या तीन शिक्षिका इंदूरहून बस बदलत, धक्के खात जायच्या. मी त्यांना नेऊ-आणू लागले. बाई माणूस गाडी चालवते म्हटल्यावर त्यांच्या घरचेही निश्चिंत. आमचं घर या तीन बायकांवर चालायचं.

सकाळी घाट उतरायचा, त्यात काही नसे. दुपारी परतताना भर उन्हात तोच घाट चढावा लागे, आणि पुढे एखादा लादलेला ट्रक असला की चाल बैलगाडीची. अशा वेळी इंजिनाला वारा लागत नाही. इंजिनातलं पाणी थंड ठेवायला रेडिएटरमागे विजेचा पंखा असतो आणि पाणी तापलं की तो सुरू करायला एक सेन्सर असतो. माझ्या गाडीतला सेन्सर झोपाळू होता. पाणी उकळून वाफ निघाली तरी त्याला जाग येत नसे. मी तो दोनदा बदलला. नवाही पंधरा दिवसांत आळसावला.

तेव्हा शहरात काचेची मोठमोठी शोरूम उघडत होती. त्यातल्या एकाच्या वर्कशॉपमध्ये गाडी घेऊन गेले. तिथला इंजिनिअर नुकताच महाराष्ट्रातून आलेला, स्वच्छ इस्त्रीचा, पुस्तकी मराठी बोलणारा. मी त्याला विचारलं, पंखा हाताने चालू करायला एक स्विच लावून द्याल का?

"ताई, ही यंत्रणा ऑटोमॅटिक आहे," तो म्हणाला. "त्यात माणसाने ढवळाढवळ करायची नसते. संपूर्ण वायरिंग बदलावं लागेल. किंवा मग ही गाडी काढूनच टाका. आणि पुढच्या वेळी घरातल्या कुणा पुरुष माणसाला पाठवा, म्हणजे मला नीट समजावून सांगता येईल."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी म्हटलं, "समजलं मला. आता तुम्ही समजा. स्विच लागणार, आणि मीच लावणार."

तिथून थेट मल्हारगंजला गेले आणि एका दुकानातून घरगुती बेलचं बटण असतं तसा एक खटका आणि बेलचीच वायर घेतली. गिरणी कामगाराची मुलगी मी, प्लस-मायनस मला कळत होतं. बॅटरीवरून एक तार खटक्यात, खटक्यातून पंख्यात. ओट्यासमोर गल्लीतच गाडी उभी करून केलं. बाबा बघत होते. एक शब्द बोलले नाहीत, आणि मीही विचारलं नाही. खटका दाबला, पंखा फिरला. मी त्यांच्याकडे असं पाहिलं की बघा, तुमच्यावाचून अडत नाही माझं.

दुसऱ्या दिवशी दुपारी घाटात पंखा चालू केला आणि अर्ध्या वळणावर गाडीत जळका वास आला. खटक्याचं प्लास्टिक पाघळत होतं आणि वायर डॅशबोर्डखाली धूर सोडत होती. मी ती हाताने ओढून तोडली. तळव्यावर तिचा चट्टा अजून आहे. तिघी शिक्षिका खाली उतरून दगडांवर बसल्या. त्यांतल्या मोठ्या बाई, ज्यांचं बाकीच्या दोघी ऐकायच्या, मला म्हणाल्या, "बेटा, तेरी मेहनत दिखती है हमको। पर एक बार और गाड़ी उबली ना, तो हम बस से जाएँगे। घर में बच्चे हैं सबके।"

त्यांचं काही चुकलं नव्हतं, त्यामुळेच ते जास्त लागलं.

घरी आले आणि ती जळकी वायर बाबांच्या पुढ्यात टाकली. हात भाजलेला, डोळ्यांत पाणी, ते रागाचं होतं की रडण्याचं मला ठाऊक नाही. म्हटलं, "काल बघत बसला होतात ना? तुम्हाला माहीत होतं हे होणार."

"माहीत होतं," ते म्हणाले. "पण मला वाटलं तू आधी ट्राय घेशील. सीधी घाटात घेऊन जाशील हे नव्हतं वाटलं."

"मग बोलला का नाहीत?"

"तू विचारलं?"

मग मी म्हटलं, "बाबा, उद्या रविवार आहे. सोमवारी घाट आहे. तो चढला नाही तर आपलं घर बंद. माझंही गेट बंद करायचंय का तुम्हाला?"

एवढं बोलून मला वाटलं आता हे उठतील. ते उठले नाहीत. म्हणाले, "मी हात नाही लावणार. माझा बिल्ला लटकलाय." माझ्या तोंडात अगदी वाईट शब्द आला होता. पण ते पुढे म्हणाले, "तुझा कुठे लटकलाय? तू कर. तोंड चालवायला मनाई नाही मला."

रविवारी सकाळी त्यांनी गल्लीत खुर्ची टाकली, हात पाठीमागे बांधले आणि तोंड सुरू केलं. तसलं तोंड मी आयुष्यात ऐकलं नव्हतं.

"ही काय आहे? घर की घंटी आहे का ही? पंख्याची मोटर किती करंट ओढते आणि तू तिला सुतळी बांधली. गिरणीत एवढी मोठी मोटर काय बोटाने चालू करत होतो आम्ही? बोटाने फक्त हुकूम द्यायचा. वजन उचलायला दुसरा ठेवायचा."

तो दुसरा म्हणजे रिले, आगपेटीएवढा एक डबा. भंगारवाल्याकडून हॉर्नचा मिळाला. लहान स्विच बारीक तारेने रिलेला इशारा देणार आणि रिले जाड तारेने बॅटरीचा करंट पंख्याला देणार. बॅटरीशेजारी फ्यूज. तार पत्र्यातून आत घेताना भोकाला रबराचं कडं, म्हणजे बुश, नाहीतर पत्रा तिला हळूहळू कापतो. जुन्या सेन्सरच्या तारा मी कापायला निघाले तर ते खुर्चीतून जवळजवळ पडले.

"ए, त्याला नको मारू. तो झोपला तर तू जाग. तो जागा झाला तर त्याला काम करू दे. दोघांचे रस्ते वेगळे ठेव, बस."

तारेचा एक सांधा मी चारदा केला. चौथ्या वेळीही त्यांनी तार ओढून दाखव म्हटलं आणि ती निसटली. मी पक्कड फेकली. ते म्हणाले, "उचल." मी उचलली. पाचव्यांदा निसटली नाही. त्यांचे हात मात्र पूर्णवेळ पाठीमागे होते; मी नळावर हात धुवायला गेले तेव्हा वळून पाहिलं, तर बोटं एकमेकांत घट्ट अडकलेली आणि त्यातला अंगठा तार पिळल्यासारखा हलत होता.

स्विच मी चावीच्या मागे घेतला होता, म्हणजे गाडी बंद तर पंखाही बंद. त्यांना ते पटेना. "चढ चढून आलेलं इंजिन बंद केल्यावरही तापत राहतं. त्याला पाच मिनिटं वारा दे. स्विच सीधा बॅटरीवर घे."

"आणि कुणी येऊन बंद केला तर? किंवा मीच विसरले तर?"

ते म्हणाले, "तर बिल्ला लटकव ना. गाडी बंद आणि पंखा चालू, तर स्विचवर बिल्ला. तो काढल्याशिवाय गाडीपासून दूर जायचं नाही."

"माझ्याकडे कुठला बिल्ला?"

तुपाच्या डब्याच्या झाकणातून मी गोल कापला, भोक पाडलं, दोरी ओवली आणि खिळ्याने काय कोरायचं विचारलं. मला वाटलं माझं नाव सांगतील.

"दोनशे अठरा," बाबा म्हणाले. आणि खुर्ची उचलून आत गेले.

सोमवारी दुपारी घाट चढताना पुढे उसाचा ट्रक होता. पाण्याच्या तापमानाचा काटा वर सरकायला लागला. मी स्विच वर केला. डॅशबोर्डवर लावलेला छोटा लाल दिवा पेटला आणि पुढून पंख्याचा घरघराट आला. मागे तिघी माना उंचावून काट्याकडे बघत होत्या. काटा मध्यावर थांबला, मग खाली आला. वरच्या सपाटीवर आल्यावर मोठ्या बाई एवढंच म्हणाल्या, "कल साढ़े छह बजे ही आना।" त्यानंतर मी त्यांना सात वर्षं नेलं. एकदा बिल्ला लटकवायला विसरले आणि बॅटरी उतरली, तेव्हा तिघींनी साड्या खोचून धक्का मारला आणि शाळेभर सांगितलं.

त्या शोरूमच्या वर्कशॉपमध्येही मी पुन्हा गेले, मुद्दाम. तो इंजिनिअर बदलून गेला होता. मला फार वाईट वाटलं.

बाबांनी मात्र पुढेही पक्कड धरली नाही. वस्तीतले लोक कूलर घेऊन यायचे, बाबा मला हाक मारायचे, मी करायची आणि ते खुर्चीतून बोलायचे. हळूहळू ते बोलणं कमी झालं. सुधारायला काही उरलं नाही म्हणून, असं मी समजते. त्यांनी तसं कधी म्हटलं नाही.

मग गिरणी पाडली. जमिनीवर उंच फ्लॅट उभे राहायचे होते, भोवती पत्र्याचं कुंपण लागलं. बाबा म्हणाले, एकदा घेऊन चल. मे महिना होता, आणि त्या भागात इतकी गर्दी की पाऊण तास गाडी पहिल्या गिअरवर. गेटपाशी, म्हणजे जिथे गेट होतं तिथे, मी गाडी उभी केली. इंजिन बंद केलं, पंखा चालू ठेवला, बिल्ला लटकवला.

पत्र्यांमधल्या उघड्या जागेतून आत सपाट जमीन दिसत होती. कताई खातं कुठे होतं हे बाबांनाही लगेच सांगता येईना. शेवटी एका विटांच्या ढिगाकडे बघून ते म्हणाले, "लाइन तोडली त्यांनी. बिल्ला मी नाही काढलेला." मी म्हटलं, "नाही बाबा. तुम्ही नाही काढला."

तेवढ्यात नव्या वर्दीतला एक गार्ड आला. इथे गाडी लावायची नाही, म्हणाला. आणि बॉनेटवर हात ठेवून, "मैडम, कुछ चालू रह गया है। बंद करो और निकलो यहाँ से।" मी काही बोलायच्या आत त्याने उघड्या काचेतून हात आत घातला आणि तो स्विचकडे गेला.

बाबा शेजारच्या सीटवर बसलेले. त्यांनी त्याचं मनगट धरलं. इतक्या वर्षांत त्या हाताने काही असं घट्ट धरलेलं मी पाहिलं नव्हतं.

"बिल्ला दिखता नहीं क्या, भिया?" ते म्हणाले. "दो सौ अठारह। ही काढेल तेव्हाच बंद होईल."

गार्डने टिनच्या त्या गोल तुकड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्याला काही कळलं नसणार, पण हात त्याने मागे घेतला. पाणी थंड व्हायला अजून तीन-चार मिनिटं लागणार होती. मी ती पूर्ण होऊ दिली.