तेराव्याची पिपाणी

घरमालकाच्या आईच्या तेराव्याला मी खिडकीतून पिपाणी वाजवली. हे आजवर कुणालाच सांगितलं नाही — बायकोलाही नाही.

दिल्लीत मुनिरकातली तिसऱ्या मजल्यावरची खोली. मी बार्शीचा, सलीम उदगीरचा, दोघंही यूपीएससीवाले. खाली अंगणात पंगत बसलेली. 'टेस्ट आहे' सांगून मी ती टाळली आणि कानात इअरफोन खुपसून, आईने पाठवलेली लसणाची चटणी बोटाने चाटत मॅच बघत बसलो. शेवटच्या चेंडूवर आपण जिंकलो. उठलो, आणि मॅचसाठी आणलेली पिपाणी खिडकीतून दम लावून फुंकली! इअरफोन काढले तेव्हा कळलं — खाली चिडीचूप.

जिन्यात पावलं वाजली. मी काय केलं असेल? पिपाणी सलीमच्या गादीवर टाकली.

"किसका है ये?" मालक. तेवढ्यात गच्चीवर कपडे वाळत घालून सलीम दारात आला, हातात रिकामी बादली. खोली देताना त्याचं नाव ऐकून मालक जरा थबकला होता. मला ते माहीत होतं — आणि, आता सांगतोच, माहीत होतं म्हणूनच मी गप्प राहिलो.

"शाम तक कमरा खाली कर." कुणाला म्हणाला, हे विचारावं लागलं नाही.

सलीमने पिपाणी उचलली. नाकाशी नेली? की मला भास झाला? एकदा माझ्याकडे पाहिलं आणि बॅग भरायला घेतली. मेन्सला अकरा दिवस होते. त्याची शेवटची संधी. ती गेली.

तेव्हापासून मला संशय आहे. भारत जिंकला की त्याचा मेसेज येतो — नुसतं पिपाणीचं चित्र, शब्द एक नाही. माझ्या मुलाच्या बारशाला त्याने काय आणावं? शिट्टी! सगळा बाजार सोडून शिट्टीच का?

गेल्या महिन्यात करोल बागेत, तो शिकवतो त्या क्लासवर, डबा घेऊन गेलो. आज सांगायचंच.

"सलीम, ते मुनिरकाचं —"

त्याने चटणीची डबी उघडली, वास घेतला.

"जेव गुपचूप. लसूण खाऊन पिपाणी वाजवणारं गाढव त्या खोलीत एकच होतं. फुंकायला तोंड होतं, बोलायला नव्हतं."