दोन कानांचा माठ

ऐन मे महिन्यात, भर दुपारी, घरातला कूलर आपल्या हाताने बंद करून बसणारा माणूस अख्ख्या नागपुरात एकच निपजला आणि तो नेमका जावई म्हणून आमच्या वाट्याला आला. माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी. बाहेर रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत असायचं, कुत्री नालीत जाऊन निजलेली असायची, आणि भाऊजी महाल भागातल्या आपल्या घरी कूलरचं बटन खटकन बंद करून, डोक्यावर हेडफोन चढवून, डोळे मिटून घाम गाळत बसलेले असायचे. त्या वेळी जो कोणी भेटायला जाईल त्यालाही घामात बसावं लागे. मी एकदा चिडून विचारलं, "भाऊजी, हे गाणं ऐकणं आहे की ऊन लागून घ्यायची तयारी?" त्यांनी एका कानावरची वाटी उचलली आणि शांतपणे म्हणाले, "साळेबुवा, कूलर चालू असला का मले आवाज ऐकू येते, पन जागा ऐकू येत नाई."

भाऊजी मूळचे काटोलचे. घरी संत्र्याचा बगीचा, इकडे सरकारी कचेरीत नोकरी. वीस वर्षं नागपुरात काढली तरी त्यांच्या बोलण्यातलं काटोल काही सुटलं नाही, आणि हा 'जागा' शब्द तर त्यांच्या तोंडातून दिवसातून पन्नास वेळा निघायचा. नुसता आवाज ऐकू येणं ही त्यांच्या लेखी अगदी मामुली गोष्ट होती. गाणारा कुठे बसला आहे, तबलेवाला त्याच्या कोणत्या हाताला आहे, मागच्या दाराशी कोण खोकलं, हे सगळं बसल्या ठिकाणी कळलं तर ते ऐकणं. बाजारातले हेडफोन त्यांना मुळीच पसंत नव्हते. "तंबोरा मेंदूत आन् तबला टाळूवर! मानसाच्या डोक्यात एवढी मैफल मावते का गा?" असं ते ज्याला त्याला विचारत. 

कचेरीत मात्र त्यांच्या या शब्दाने घोटाळा केला. "मी सध्या जागेच्या शोधात आहो," असं ते कोणाजवळ तरी बोलले. ते फिरत फिरत असं पसरलं की एका रविवारी बेसा गावाकडचा एक शेतकरी जमिनीचा नकाशा घेऊन दारात हजर. भाऊजींना वाटलं, आपली कीर्ती ऐकून कोणी रसिक आला. त्यांनी पाहुण्याला खुर्चीत बसवलं, कूलर बंद केला आणि त्याच्या टोपीवरूनच हेडफोन चढवला. दहा मिनिटं तो गृहस्थ नकाशा मांडीवर धरून घामाघूम बसला. "जागा दिसली का?" भाऊजींनी विचारलं. "कोनती जी?" तो म्हणाला, "मोक्याची का मागची?" चहा पिऊन जाताना तो मला फाटकाशी हळूच म्हणाला, "भला मानूस आहे जी. पन यायले जागा डोक्यात पायजे. माह्याजवळ आहे ते वावरात."

आम्ही सगळे हसायचो. मीही हसायचो, आणि त्याची मला आता लाज वाटते. कारण हे सगळं कोणासाठी चाललं होतं ते आम्हाला ठाऊक होतं. ते ताईसाठी होतं. एका तापात तिचा उजवा कान वाहायला लागला आणि बरा झाला तेव्हा अर्ध्याहून जास्त गेलेला होता. डॉक्टर म्हणाले, थोडंसं शिल्लक आहे, सांभाळा. कानात घालायचं यंत्र आणलं, पण त्यातून पातेल्याचा आवाज आणि माणसाचा आवाज एकाच मापाने यायचे, म्हणून तिने ते कपाटात ठेवून दिलं. एका कानावर चालतं तसं सगळं. पण चार बायका एकदम बोलल्या की तिच्यासाठी त्यांचा एकच गोळा व्हायचा. कोण बोललं, कुठून बोललं, काही कळायचं नाही.

ताई दर मंगळवारी देवीच्या देवळात भजनाला जायची. तिची तिथली जागा ठरलेली, खांबाजवळ. आणि तिच्या उजव्या हाताला कुसुमवहिनी. या वहिनी म्हणजे ताईची जिवाभावाची मैत्रीण. त्या कधीच वेळेवर आल्या नाहीत. पहिलं भजन संपताना यायच्या, मागून ताईच्या खांद्याला ढोसायच्या आणि "सरक नं वं" म्हणून स्वतःला त्या फटीत घुसवायच्या. एका मंगळवारी त्या ताईच्या उजव्या कानाशी हळूच म्हणाल्या, "पोरीची सोयरीक मोडली वं." त्याच वेळी डावीकडे कोणीतरी नारळ फोडल्याचं सांगत होतं. ताईला वाटलं, सगळं बोलणं तिकडचंच. ती हसून म्हणाली, "बरं झालं. आता सगळ्यांना वाटून टाका." कुसुमवहिनी उठून गेल्या. नंतर ताई त्यांच्या घरी गेली, रडली, सगळं समजावून सांगितलं. त्या "जाऊ दे नं वं" म्हणाल्या. पण ताईच्या मनातून ते जाईना. तिने भजन सोडलं, हळदीकुंकू सोडलं, शेवटी फाटकाशी उभं राहून बोलणंही सोडलं. "मला काही ऐकू येत नाही असं नाही रे," ती मला म्हणाली होती. "पण कोणाकडे तोंड करून बोलू, तेच कळत नाही." त्या दिवसापासून भाऊजींनी जागेचा ध्यास घेतला.

त्यांचे प्रयोग मी डोळ्यांनी पाहिले आहेत. कानाला घट्ट बसणाऱ्या वाट्या त्यांनी पहिल्याच आठवड्यात कापून काढल्या. आवाज कानात ओतायचा नाही, कानापासून जरा दूर, जरा पुढे, तिरपा उभा करायचा, असं त्यांचं म्हणणं. मग काटोलहून आलेल्या पेटीतलं मोठं संत्रं निवडून, अर्ध्या सालीच्या वाट्या उन्हात वाळवून त्यांत बोटभर स्पीकर बसवले. तीन दिवस गाणं उत्तम आणि वास त्याहून उत्तम. चौथ्या दिवशी भाऊजी एकाएकी हेडफोन फेकून अंगणात नाचायला लागले. आम्हाला वाटलं, सापडली जागा. जवळ जाऊन पाहिलं तर कानात मुंग्या. शेवटी टोपलीच्या कामट्यांचा एक सांगाडा तयार झाला. त्यात स्पीकर कानापासून दोन बोटं लांब, मागून उघडे, आणि दोन्ही कानांना वेगवेगळं बटन. डावं हळू, उजवं मोठं. ताईच्या डोक्यावर तो चढवून भाऊजी तासन् तास बटनं फिरवत बसायचे. ताई म्हणायची, "आता दोन्हीकडून येऊन राहिलं." पण समोरचा गाणारा काही तिला दिसेना. तिचा चेहरा पाहून भाऊजी विषय बदलायचे.

मग त्यांना सुचलं की दोष ऐकण्यात नाही, टेपवर भरण्यात आहे. गाणं भरतानाच दोन कानांनी भरलं पाहिजे, आणि त्या दोन कानांच्या मध्ये डोकं पाहिजे. कुंभाराकडे ते स्वतःच्या डोक्याभोवती सुतळी गुंडाळून गेले आणि त्या मापाने एकेक माठ मोजू लागले. कुंभार म्हणाला, "साहेब, पान्याच्या मापानं माठ घेनारे पायले. डोक्याच्या मापाचा कोनी घेते का जी?" घरी येऊन त्यांनी माठाला कणकेचे कान लावले, त्यात दोन मायक्रोफोन खोचले आणि कोण्या मित्राचा परदेशी टेपरेकॉर्डर जोडून माठ अंगणात ठेवला. शेजारची गाय आली आणि डावा कान खाऊन गेली. कोणी दुसरा असता तर डोक्याला हात लावून बसला असता. भाऊजींनी ती टेप ऐकली आणि ओरडत माझ्या घरी आले, "साळेबुवा, गाय डाव्या कानात आली! उजव्यात नाई, डाव्यातच!" मग कुंभाराने भाजलेले मातीचे कान करून दिले.

पुढच्या मंगळवारी भाऊजी तो माठ कडेवर घेऊन देवळात गेले. मी टेपरेकॉर्डर धरून मागे. खांबाजवळच्या ताईच्या जागेवर त्यांनी पाट मांडला, पाटावर माठ ठेवला, आणि बायकांना हात जोडून म्हणाले, "आमच्या घरच्यायच्या जागी हे डोकं बसवून राहिलो. दुसरं काही नाई." बायकांनी काय समजायचं ते समजून घेतलं. पाटावर मांडलेला माठ पाहून एकीने सवयीने हळदकुंकू लावलं, दुसरीने फूल वाहिलं, तिसरी आंब्याची पानं शोधायला लागली. भाऊजी घाबरून म्हणाले, "कानात तांदूळ नका टाकू जी!" आणि भजन सुरू झालं.

दुसऱ्या दिवशी दुपारी, ऑफिसला दांडी मारून, भाऊजींनी कूलर बंद केला. ताई सतरंजीवर बसली. कामट्यांचा सांगाडा तिच्या अंबाड्यावर नीट बसवून त्यांनी बटनं फिरवली आणि समोर जाऊन बसले.   ताई डोळे मिटून ऐकत होती. चेहऱ्यावर काहीच नाही. मला वाटलं, हेही गेलं. टेप फिरत होती, घाम निथळत होता, आणि पहिलं भजन संपत आलं असावं.

तेवढ्यात ताई सरकली. डोळे मिटलेलेच. बसल्या बसल्या ती वीतभर डावीकडे झाली, उजवीकडे फट ठेवली, आणि पदर सावरून तशीच बसली. मग एकदम डोळे उघडून तिने उजवीकडे मान वळवली. तिथे मोकळी सतरंजी होती. "कुसुम आली," ती म्हणाली. "मला म्हणाली, सरक नं वं." आणि ती रडायलाच लागली. आदल्या दिवशी मी ते पाहिलं होतं. वहिनी उशिरा आल्या, माठापुढे क्षणभर थबकल्या, मग त्याला कोपराने ढोसून तेच शब्द बोलल्या आणि त्याच्या उजव्या हाताला बसल्या.  भाऊजी उठले आणि त्यांनी कूलर चालू केला.

पुढच्या मंगळवारी ताई स्वतः गेली. हेडफोन काही देवळात नेता येत नव्हता आणि कानही होता तसाच होता. पण आता कोणी हळू बोललं की ती आधी उजवीकडे वळून पाहायची, कारण तिथे कुसुमवहिनी असतात हे तिला पक्कं ठाऊक झालं होतं.

भाऊजी जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. ती टेप कधीच झिजली. माठ मात्र देवघराशेजारी आहे, आणि ताई त्याला अजून कुंकू लावते. मे महिन्यात मी तिच्याकडे गेलो की सतरंजीवर बसण्याआधी न विचारता कूलर बंद करतो.  ताई डोळे मिटते आणि वीतभर डावीकडे सरकते.